आवाज नातीचे, जोडनी माही

आमच्या सुनेनं मले मास्तर केलं, कारन तिले दुसरं कोनी भेटलंच नाई. ती बालाघाटात कपड्याच्या दुकानात काम करते. सकाळी जाते, दिवस बुडता येते. पोरगा तिरोडीच्या खदानीत, त्याचं तोंड रविवारी दिसते. माह्या बुढीच्या अंगावर सारं घर. उरलो मी. बँडपार्टीत झांज वाजवत होतो. ज्याले काईच वाजवता येत नाई त्याले झांज देतात. आता गुडघे गेले, वरातीत चालनं होत नाई. अन् शाळेचं म्हनान तं मी शाळेत एकदाच राह्यलो, तेबी एका लग्नात वऱ्हाड तिथी उतरलं होतं म्हनून.

हे सारं मी बोलून राह्यलो अन् सून लिहून राह्यली. मधामधात ती हासते. जिथी माहं अन् तिचं जुळत नाई तिथी तिचं खरं समजा.

सून म्हने, "मामाजी, तुमाले वाचाचं काम नाई. फक्त आवाज काढाचे." नात सहा वर्साची, केजी-टू मधी होती. तिच्या शाळेत फोनिक्सनं शिकवतात. म्हनजे अक्षराचं नाव घ्याचं नाई, त्याचा आवाज घ्याचा. एसले एस नाई म्हनाचं, सायकलच्या ट्यूबातून हवा जाते तसं स्‌स्‌ म्हनाचं. एमले होट मिटून म्‌म्‌. असे तीन आवाज एकमेकाले चिकटवले का शब्द होते.

मले हे भल्लं पटलं. अक्षर मले एक येत नाई, पन आवाज म्हनान तं येतात. जुना ट्रक चढावावर कसा कन्हते ते करून दाखवतो, म्हैस रेडकाले कशी बोलावते ते करतो. मोहल्ल्यात माहं नाव याच गोष्टीसाठी आहे, दुसऱ्या कोनत्याच गोष्टीसाठी नाई.

मंग रोज दुपारी आमी दोघं मागच्या ओट्यावर बसाचो. पोट्टीले अक्षरं वळखता याचे. बोट ठेवे अन् आवाज काढे. स्‌… अ… न्‌. तिथीच गाडी थांबे. जोडता येत नसे. माह्याकडं पाहे. मले काय, कानात तिनही आवाज ताजे. मी म्हनो, "सन." ती टाळ्या वाजवे. पुढचं. क्‌… अ… प्‌. मी म्हनो, "कप." हा तं मालूम होता, चहाचा. मी खुश, ती खुश. डोळे तिचे, तोंड माहं, दोघं मिळून एक पुरा मानूस वाचून राह्यला होता. शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा दोघालेही समजत नसे, पन पुस्तक संपे. बुढी आतून म्हने, "बाप्पा, म्हातारपनी इंग्रजी फुटली." मी म्हनो, जळू नोको.

एक दिवस सून दुपारीच आली. आंगनातूनच तिले आयकू आलं, एकामागून एक शब्द, सन, कप, पेन, हॅट. ती आत नाई आली. पिशवी मांडीवर घेऊन पायरीवरच बसून राह्यली. मी पान्याले उठलो तं दिसली. डोळे वल्ले होते; तिले वाटलं, पोरगी वाचते अन् मी तिच्यामागून म्हनतो. म्हने, आता शाळेतल्या मॅडमले सांगीन, आमची पोरगी वाचते. मी छाती फुगवून उभा होतो. मले खरंच वाटून राह्यलं होतं का पोरगी वाचते. सांगाले लाज वाटते, पन माह्या डोक्यात तवा हे आलंच नाई का अर्धं मी वाचून राह्यलो.

शाळेत मॅडमनं तिले उभं केलं. पोरगी आवाज काढे अन् गप उभी राहे. मॅडम म्हने, आगे? ही गप. मॅडमले वाटलं, हिले येत नाई. सुनेले वाटलं, घाबरली. दोघीनं ठरवलं, घरी शिकवनाऱ्याले बोलवा. म्हनजे मले.

मी लग्नातला कुडता घालून गेलतो. मॅडम तरनी, हिंदीत बोलनारी, बोलनं गोड. तिनं नातीसमोर पुस्तक उघडलं. नातीनं बोट ठेवलं. प्‌… इ… न्‌. अन् मान वळवून माह्याकडं पाह्यलं. मी काईच इचार नाई केला, तोंडातून निंघून गेलं, "पिन."

मॅडमनं आधी माह्याकडं पाह्यलं, मंग तिच्याकडं. पान उलटवलं. ब्‌… ए… ड्‌. मी दात आवळून धरले, तरी नाकातून "बेड" निंघालाच.

मॅडम म्हने, "दादाजी, आप तो पास हो गए. अब बच्ची को भी पढ़ने दीजिए."

मी हासलो. हासनारा मी एकटाच होतो. मॅडमनं मंग सुनेले हळूच सांगतलं का होळीनंतर पुन्हा आयकते, तवाही एकटीनं जोडता नाई आलं तं पोरगीले केजी-टूमधीच ठेवा लागन. तिच्या संगच्या साऱ्या पोरी पहिलीत जातीन.

वापस येताना आटोत मी एक-दोन गमती सांगून पाह्यल्या. आटोवाला हासला. घर आलं तवा ती म्हने, "मामाजी, दुकानात इंग्रजीत लिहिलेला डबा आला का मले मालकाच्या पोराले आवाज द्या लागते. तो येते, वाचते, अन् मंग दिवसभर सांगते का मी वाचून देल्लं. हिनं कोनाले आवाज देऊ नये. बस."



आता माह्या तोंडाले कुलूप लावाचं होतं, अन् हे काम माह्या लग्नापासून बुढीले नाई जमलं. पहिल्या दिवशी खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर धरला. दुपट्ट्यातून शब्द गेला. तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा भरून पाह्यला, तं नातीनंच सांगतलं का मम्मी म्हन्ते, अभ्यासाच्या वेळी खर्रा नाई. शेवटी लोटा घेऊन बसलो अन् तोंडात गच्च पानी भरलं. गाल फुगले माह्या बँडमधल्या बाजावाल्यावानी.

नातीले मोठी मजा वाटली. तिनं आवाज काढले अन् थांबली. मी डोळे मोठे केले. तिले वाटलं, आबाले आयकू नाई गेलं. तिनं तेच आवाज जोरानं काढले. मंग माह्या कानात. मंग बोटानं माहा गाल दाबला अन् पानी कुडत्यावर सांडलं. त्या दिवशी एक शब्द जुडला नाई. माहा कुडता मात्र तीनदा वल्ला झाला.

तसंच चाललं. होळी जवळ आली. एका दुपारी ती कटाळली, तिनं पुस्तक फेकून देल्लं. रडत म्हने, "आबा, तुमीच जोडा ना. तुमी काहून नाई जोडत मले? तुमी माह्यासंग कट्टी हाय का?"

तोंडात पानी होतं. गिळाले किती येळ लागते? एक घोट. शब्द घशात तयार उभा होता. मी मान हालवली, कट्टी नाई म्हनून. पुस्तक उचललं, झटकलं, तिच्या मांडीवर ठेवलं. बोट ठेवा म्हनून इशारा केला. माह्या डोळ्यातून पानी याले लागलं होतं अन् तोंडातलं सांभाळत होतो. पुरा कलशच झालतो मी.

तिनं नाक पुसलं. रागारागानं बोट ठेवलं. "म्‌… अ… ड्‌." माह्याकडं पाह्यलं. मी तसाच. पुन्हा, "म्‌, अ, ड्‌." मी तसाच. अन् मंग एखाद्या ढ मानसाले खवळून सांगावं तसं माह्या तोंडासमोर तोंड आनून वरडली, "मड! मड हाय, आबा! इतकंबी नाई समजत तुमाले?"

सारं पानी पुस्तकावर गेलं.

संध्याकाळी सुनेनं मोबाईलले इचारून सांगतलं, मड म्हनजे चिखल. बुढी वल्ल्या पुस्तकाकडं पाहून म्हने, ते तं दिसूनच राह्यलं. तरी त्या दिवसापासून नातीनं मले ढ समजलं, अन् त्याच्यातच आमचं काम झालं. मले समजावून सांगाचं म्हनून ती जोडाले लागली. कधी चुके, पन चूक मलेही समजत नसे. मी गाल फुगवून बसो. ती आपलीच पुन्हा आवाज काढे अन् दुरुस्त करे.

होळीनंतर मॅडमनं बोलावलं. मले पाह्यल्याबरोबर म्हने, दादाजी, आप बाहर. मी वऱ्हांड्यात खिडकीजवळ उभा राह्यलो. सून आत, दोन्ही हातात पर्स आवळून. नातीनं सुरू केलं. आवाज, जरा थांबली, शब्द. आवाज, शब्द. मंग मॅडमनं आमच्या पुस्तकात नव्हता असा लंबा शब्द देल्ला. फ्‌… र्‌… ऑ… ग्‌. चार आवाज. मी मनातल्या मनात जोडून पाह्यला, माह्याच्यानं नाई झाला. फर राह्यला एकीकडं, अन् बाकीचं दुसरीकडं गेलं. आत सारं शांत. आता ही मान वळवते, मले पाहते, अन् माह्याजवळ तं द्याले काईच नाई, म्हनून मी खिडकीखाली बसून गेलो.

"फ्रॉग," आतून आवाज आला.

मी गुडघे धरून उठलो. सून भिंतीकडं तोंड करून डोळे पुसत होती. मॅडम हासून काईतरी लिहून राह्यली होती. मी खिडकीतून हात हालवला, दोन्ही हात हालवले, म्हशीचा आवाजबी काढला हळूच. नातीनं पाह्यलं नाई. मॅडमनं सांगाच्या आधीच तिनं पुढचं पान उलटवलं अन् बोट ठेवलं.