उडुपा सरांचं सोवळं

आमच्या बंगळूरच्या सॉफ्टवेअर ऑफिसातले उडुपा सर कॉफीचा पेला ओठाला न लावता वरूनच तोंडात ओततात. कोडच्या बाबतीतही त्यांचं असंच सोवळं. जगभरचे लोक तयार कोडच्या लायब्ररी फुकट वाटतात. त्यातली एक उचलली की आठवड्याचं काम तासाभरात होतं. पण आमच्यापैकी कुणी तशी एखादी आणली, की हा माणूस भर मीटिंगमध्ये त्याची बिनपाण्याने करायचा. "कुणा अनोळख्याचं उष्टं आणलंस? स्वतःचे हात काय गहाण टाकलेत?"

साधी तारीख मोजायची, तरी प्रत्येकाने तो कोड स्वतः लिहायचा, स्वतःच चुकायचं आणि शनिवारी येऊन निस्तरायचं. सोवळं त्यांचं आणि हाल आमचे! वर्षानुवर्षं या माणसाने आमचं रक्त आटवलं.

यंदा सरांनी स्वतःच एक लायब्ररी लिहिली. तारखा, सुट्ट्या, सणवार, सगळं तिच्यात. त्या दिवशी सगळ्यांना गरमागरम मद्दूर वडे खिलवले आणि म्हणाले, "उद्यापासून सगळ्यांनी हीच वापरायची."

महिन्याने त्यांनी आमचा कोड तपासला, तर एकानेही ती घेतली नव्हती. तणतणत ते आमच्यातल्या नागवेणीच्या टेबलाशी आले. "काय गं, काय खोट आहे माझ्या लायब्ररीत?"

नागवेणीने मानही वर केली नाही. "उघडूनच बघितली नाही, सर. दुसऱ्याचं उष्टं खायचं नाही, ही तुमचीच शिकवण. वडे तेवढे खाल्ले."