समासातली पेन्सिल

गेल्या गुरुवारी भरदुपारी इथे आखातात, अदलिया भागातल्या इंग्रजी क्लबने आमच्या खोलीतल्या चाचांवर अन्याय केला. चाचा रत्नागिरीचे, क्लबच्या वाचनालयात कारकून. विलायतेतल्या एका हुजूरपक्षी साप्ताहिकाचे जुने बांधीव खंड ते वर्षानुवर्षं सांभाळत आले. कोणता संपादक साम्राज्य गेलं म्हणून रडला, कोणता अलीकडे पंतप्रधानबाई पायउतार झाल्या म्हणून, सगळं त्यांना पाठ. मी कडवा डावा. विचारायचो, "चाचा, असला कचरा वाचता कशाला?"

"अरे, शिव्या घालायच्या तर वाचून घाल ना!"

ते घालायचेच. समासात पेन्सिलीने, मराठीत: 'खोटं', 'परत तेच', क्वचित 'हे बरोबर, इलाज नाही'.

नव्या मॅनेजरने ते पाहिलं आणि सगळे खंड कचऱ्यात काढले. म्हणाला, "तू पुस्तकं खराब केलीस."

"खराब नाही केली, साहेब. उत्तर दिलं."

मग टॅक्सीच्या तीन खेपा करून चाचांनी ते खंड आमच्या खोलीवर आणले. आता पाय पसरायला जागा नाही. शुक्रवारपर्यंत हलले नाहीत तर खोलीतले बाकीचे लोक ते फेकणार, खलास. तेव्हा या आणि एकेक खंड घरी न्या. चाचांचं म्हणणं पटलं नाही तर त्याखाली तुमचं उत्तर लिहा. पण आधी वाचा.