डबो घेवन ये

मेडिकलवाली बाय गिऱ्हाइकावर जितकी ओरडायची, तितकं बांद्याच्या बाजारात कोणी दुश्मनावरही ओरडत नसेल. डोकं दुखतंय म्हणून साधी गोळी मागितली, तरी चष्मा कपाळावर चढवून विचारायची, "सकाळपासून काय काय गिळलंस, तां आधी सांग." 'काय नाय' हे उत्तर तिला चालत नसे. त्यामागे माझ्या आईचं प्रकरण आहे. त्याचा राग अजून माझ्या डोक्यातून जात नाही, आणि त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच आहे.

मी मुंबईला नोकरीला. चतुर्थीला गावी येताना आम्ही चाकरमानी मिठाईच्या पुड्यांसोबत गोळ्यांच्या पाकिटांची पिशवीही आणतो. कंबरेच्या, गुडघ्याच्या, तापाच्या. घरोघरी त्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात पडतात आणि वर्षभर वाडीभर वाटल्या जातात. आम्हाला वाटतं, केवढी काळजी घेतो आपण. कपाळ आमचं.

काजूच्या दिवसांत वाकून बिया गोळा करताना आईची कंबर धरली. तिने मी आणलेल्या साडेसहाशे मिलिग्रॅमच्या गोळ्या सुरू केल्या, दोन-दोन, दिवसातून तीन वेळा. त्यातच सर्दीताप आला, म्हणून बायच्या दुकानातून सर्दीची गोळी आणली. तीही तीनदा. एक पांढरी लांबट, दुसरी पिवळी गोल. नावं वेगळी म्हणजे औषधं वेगळी, ही तिची समजूत. दोन्हींत पॅरासिटामॉलच होतं. अन्न जात नव्हतं, गोळ्या मात्र वेळेवर जात होत्या. आठव्या दिवशी ती ओकारीची गोळी मागायला गेली. बायने तिचे पिवळे डोळे पाहिले, भर दुपारी शटर ओढलं आणि रिक्षात घालून तिला हॉस्पिटलात नेलं.

मी पोचलो तेव्हा बाय वॉर्डाबाहेर बसून होती. "आईक खाऊ आणतत तश्यो गोळ्यो आणलंस," ती म्हणाली. "आता बघ जा, लिवर सुजलाहा तिचा."

मीही चवताळलो. "सर्दीची गोळी तुमच्याच दुकानातली ना?"

तिने चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाली, "माझ्याच. मी इचारलंय, ती म्हणाली काय नाय घेतला, आणि मी गप दिलंय. घरातलो डबो घेवन ये म्हणान सांगूक होया होता माका."

आई वाचली. त्यानंतर डबा दाखवल्याशिवाय बाय दुखण्याची एकही गोळी देईना. "डबो घेवन ये," म्हणून माणसाला परत धाडायची. सगळी पाकिटं काउंटरवर ओतून मागची बारीक अक्षरं वाचायची, आणि एकच औषध दोन नावांनी सापडलं की एकावर लाल फुली मारायची. "पॅरासिटामॉल चोवीस तासांत चार ग्रॅम, त्याच्यावर नाय. तुझ्यासारख्या काटकुळ्याक त्याच्यापेक्षाय कमी. आणि रोज दारू घेणाऱ्यान आधी डाक्टराक इचारूचा. तीन दिवसांत उतार नाय तर माझ्याकडे येव नको, डाक्टराकडे जा."

लोकांना हा अपमान वाटला. गोळी मागितली तर चौकशी कसली करते, म्हणत ते रस्त्यापलीकडच्या नव्या दुकानात जाऊ लागले. तिथे मागाल ते मिळतं आणि हसून मिळतं. हेच लोक हापूसची पेटी घेताना आंबा न् आंबा हुंगून बघतात. पोटात काय गेलंय ते विचारणारी बाई मात्र त्यांना खुळी वाटली. मला या माणसांची अजून चीड येते.

गेल्या माघात बाय गेली. दुकानाला कुलूप आहे. तिच्या तेराव्याहून आम्ही घरी आलो, तेव्हा रडून रडून आईचं डोकं चढलं होतं.

"गोळी दी रे माका," ती म्हणाली.

मी डबा उघडला आणि माझ्याच तोंडून गेलं, "सकाळपासून काय काय गिळलंस?"

"काय नाय."

"काय नाय म्हणजे काय?" मी ओरडलोच.

आईने कनवटीतून अर्धं पाकीट काढून माझ्यापुढे धरलं. सर्दीच्या गोळ्या होत्या.

"नाक गळता म्हणान मगाशी दोन घेतलंय," ती म्हणाली. "पलीकडच्या दुकानातल्यो. तेणी काय इचारूक नाय."