मी न चाललेली पायवाट

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, आईला नाही. काल पहिल्यांदा तोंडातून निघालं, आणि आता तुमच्यापासून तरी काय लपवू?

मला कुत्र्यांची भीती वाटते. हसा, हसा! पण माझं काम काय — तर आमच्या पांडेसरा भागातल्या पायवाटा वर्षातून एकदा चालून बघायच्या. लाद्या कुठे उखडल्यात, दिवे लागतात का, माणसं जातात का, सगळं फॉर्मवर लिहून महापालिकेच्या ऑफिसात द्यायचं. साहेबांशी भांडून मी तीन वाटांवर दिवे लावून घेतलेत. म्हणजे कामचुकार नाही हो मी. पण खाडीकाठच्या वाटेवर, साड्या रंगवणाऱ्या डाइंग मिलच्या मागे, सात-आठ कुत्री पडलेली असायची. त्यातलं एक तर दात विचकूनच उठायचं.

चार वर्षांपूर्वी त्या वाटेच्या तोंडाशीच, एका उभ्या रिक्षाच्या आडून, मी फॉर्म भरला. काय लिहिलं? — 'वापर नाही.' वाट यादीतून गेली. पुढे तिथे ना लादी बसली, ना दिवा लागला.

आमच्या गल्लीतल्या विमलमावशी त्याच वाटेनं मिलमध्ये साड्यांच्या घड्या घालायला जायच्या. दोन वर्षांनी त्या तिथल्याच शेवाळावर घसरल्या. उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण वाकडं — काम सुटलं ते सुटलंच. मी नारळपाणी घेऊन भेटायला गेले आणि केलं काय? त्यांच्या खाटेवर बसून ऑफिसवाल्यांना शिव्या घातल्या! त्यांच्याहून जोरात. जीभ कशी झडली नाही माझी?

यंदा त्या वाटेनं चालले. हातात काठी, अंगाला घाम, तोंडात देवाचं नाव. फॉर्मवर खरं लिहिलं, आणि मागचं खोटं माझंच होतं, हेही. मग काल मावशींना सांगून टाकलं. छाती कशी मोकळी झाली म्हणून सांगू! चार वर्षांत असा श्वास घेतला नव्हता.

मावशी म्हणाल्या, "अवं माय, मंग माले सांगानं ना! मी येतू तुन्हासंगे."

तेव्हा मात्र उरलेलंही सांगावं लागलं. मी फॉर्म भरत होते ना, तेव्हा त्या वाटेनं एक बाई येत होती — त्याच, काखेत डबा धरून. मला बघून त्यांनी हात केला. मीही केला. आणि खाली सही केली.