लॅपटॉपचा दसरा

माझ्या सासुरवाडीत घट बसायच्या आधी घरातली एकूण एक वस्तू धुतली जाते, आणि त्या वर्षी त्यात एक लॅपटॉपही धुतला गेला.

पाण्यानं नाही. पाण्यानं धुतला असता तर उन्हात वाळवून कदाचित सुरू तरी झाला असता!

आमच्या बीडकडं ह्याला 'दसरा काढणे' म्हणतात. पितृपंधरवडा सरत आला की गोधड्या, सतरंज्या, डबे, पितळ्या सगळं अंगणात येतं आणि घरच्या बायकांच्या अंगात येतं. माझी बायको रेखा दर वर्षी त्यासाठी नेकनूरला माहेरी जाते, आणि तिला सोडायला गेलेला मी दर वर्षी ओल्या गोधडीच्या एका टोकाला सापडतो. ज्यांनी ओली गोधडी पिळली नाही त्यांना सांगतो: दुसऱ्या टोकाला सासू असेल तर पिळला जातो तो जावई.

त्यामुळं मामी (सासूबाईंना मी मामी म्हणतो) ओसरीत येऊन म्हणाल्या, "जावईबापू, कंप्युटरचा दसरा ऱ्हायलाय की," तेव्हा मी हातातलं टोक रेखाच्या हातात कोंबलं आणि म्हणालो, "मी बघतो ना!"

इथं थोडं मागं जावं लागेल. पूर्वी ह्या घरात मीच आणून दिलेला एक डेस्कटॉप होता. मी बीडच्या एका कॉलेजात कारकून आहे. कंप्युटरवर बोनाफाईड छापतो, एवढ्या भांडवलावर सासुरवाडीनं मला इंजिनिअर करून टाकलं होतं आणि मीही कधी कुणाचा गैरसमज दूर केला नव्हता. त्या डेस्कटॉपात मी साफसफाईचा एक प्रोग्राम टाकला होता. तो सुरू केला की पडद्यावर बारक्या रंगीत चौकोनांची रांगोळी उमटायची आणि लाल चौकोन एकेक करत निळे व्हायचे. मामींना त्याचं वेडच लागलं. दर वर्षी घट बसायच्या आधी त्या पडद्यासमोर पाट टाकून बसायच्या आणि सगळे चौकोन निळे होईपर्यंत नवरात्राच्या वाती वळायच्या. टीव्हीवरच्या मालिकांपेक्षा त्यांना हे आवडायचं. "ह्यात कुणी कुणाचं वाईट करीत न्हाई," म्हणायच्या.

तो डेस्कटॉप पुढं भंगारात गेला. आता घरात होता तो धाकट्या मेव्हणीचा, वर्षाचा, नवाकोरा लॅपटॉप. आणि त्याच दुपारी त्याच लॅपटॉपवर वर्षाची नोकरीची मुलाखत होती! लोकांचे कंप्युटर बिघडले की त्यांना फोनवरून मराठीत मदत करायची, असं कुठल्याशा कंपनीतलं काम होतं. आधीच्या मुलाखती हुकल्या होत्या आणि मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, जाहीर केलं होतं, "ह्या टायमाला लागली तर ठीक, न्हाईतर दिवाळी झाली की पाव्हणे बोलिवतो बघायला." वर्षाला काही पाव्हण्यांपुढं पोह्यांच्या बशा घेऊन जायचं नव्हतं. सकाळी ती धुणं घेऊन विहिरीवर निघाली तेव्हा मला बजावून गेली, "दाजी, लॅपटॉप चार्जिंगला लावलाय. हात लावू नका."

(तिनं असं म्हणायला नको होतं. इंजिनिअर माणसाला असं म्हणतात का?)

मामींनी देवघराच्या फळीवरून स्टीलचा डबा काढला. आत प्रोग्रामची सीडी होती. दर वर्षी कुंकू लावून लावून पार लाल झालेली.

"ही घ्या तबकडी. घाला."

मी लॅपटॉप चारी बाजूंनी फिरवून पाहिला. "मामी, ह्याला तोंडच नाही."

"मंग खातंय कशानं?"

नशीब म्हणा किंवा दुर्दैव, तोच प्रोग्राम माझ्या पेनड्राइव्हवर होता. मी पेनड्राइव्ह खुपसला, प्रोग्रामवर टिचकी मारली, आणि पडद्यावर पाटी आली.

"काय म्हणतंय?" मामींनी विचारलं.

"म्हणतंय, हा प्रोग्राम जुना आहे, सिस्टीम नवी आहे. इथं चालणार नाही."

"आमचे हे बी पुण्याला गेलं की असंच म्हणतेत. चाला म्हणावं, हुईल सवय."

शहाण्या माणसानं इथं थांबायचं असतं. पण अंगणात रेखा एकटीच गोधडीशी झुंजत माझ्याकडं बघत होती, आणि मला एक युक्ती ठाऊक होती. प्रोग्रामच्या पोटात शिरून एका चौकटीत बरोबरची खूण केली की त्याला आपण जुन्याच सिस्टीमवर आहोत असं वाटतं.

"आता काय केलं?"

"त्याला सांगितलं, घाबरू नको बाबा, हे तुझं जुनंच घर आहे."

"खोटं बोललाव?" मामींनी कपाळाला हात लावला. "अवो, घट बसायचे दिवस हायत!"

"मशीनशी बोललं तर चालतं, मामी."

मग लॅपटॉपनं विचारलं, हा प्रोग्राम ओळखीचा नाही, आत येऊ देऊ का? मी म्हटलं, दे. मग त्यातला व्हायरसवर लक्ष ठेवणारा राखणदार जागा झाला आणि लाल अक्षरांत 'धोका, धोका' करू लागला. मी त्यालाच बंद करून टाकला.

"त्याला कावून निजवलं?"

"घर झाडताना कुत्रं बाहेर बांधतो ना आपण? तसं."

मामींना हे पटलं. मलाही पटलं, हे जास्त वाईट झालं.

आणि काय सांगू, चौकोन आले! लाल, हिरवे, पिवळे, सगळे आले! "आलं गं बाई!" म्हणून मामींनी शेजारच्या कमलबाईंना हाक मारली. त्या आपला कापूस घेऊनच आल्या. दोघी पाट टाकून बसल्या, मी मधे खुर्चीवर. पूजा सांगायला आल्याचा थाट होता माझा!

थोड्या वेळानं प्रोग्राम थांबला आणि म्हणाला, निरुपयोगी फायलींचा ढीग सापडलाय, काढू का? आता खरी गोष्ट अशी होती की हा प्रोग्राम जन्मला तेव्हा ही नवी सिस्टीम जन्मालाच आली नव्हती. त्यामुळं तिच्यातलं त्याच्या ओळखीचं काहीच नव्हतं, आणि ओळखीचं नाही ते सगळं त्याच्या लेखी केर होतं. (हे मला नंतर कळलं. मला सगळं नंतरच कळतं.)

"नव्या लॅपटॉपात इतका केर?" कमलबाई म्हणाल्या. "वर्षी लई आळशी दिसती."

"पोरगी हुशार आहे हो," मी मोठ्या मनानं म्हणालो, "फक्त टापटीप नाही. काढू का, मामी?"

"काढा की! दसरा हाय का काय हाय?"

काढलं. लाल चौकोन भराभरा निळे झाले. मामींनी हात जोडले. मशीन बंद करून पुन्हा सुरू करा, असं प्रोग्रामनं सांगितलं. तेही मी केलं. मग चौकोन गेले आणि अख्खा पडदाच निळा झाला. त्यावर एक रडका चेहरा.

"लईच साफ झालं बाई," कमलबाई म्हणाल्या. "पर ह्यानं त्वांड कावून पाडलंय?"

मी लॅपटॉप बंद केला, चालू केला. रडका चेहरा. वायर काढली, लावली. रडका चेहरा. मामींनी मीठमोहरी आणून त्याची दृष्ट काढली. त्यानंतर तर चेहराही गेला, नुसता काळा पडदा उरला! कमलबाईंना चुलीवरचं दूध आठवलं आणि त्या कापूस टाकून पळाल्या.

तेवढ्यात वर्षा विहिरीवरून आली. "दाजी, काय करायलाव?"

मी तोंड उघडायच्या आधीच मामी म्हणाल्या, "दाजींनी तुझ्या लॅपटॉपाचा दसरा काढला."

वर्षानं पेनड्राइव्ह पाहिला, काळा पडदा पाहिला, मला पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती धुण्याच्या बादलीशेजारी खाली बसली आणि हळूच म्हणाली, "दाजी, मुलाखतीला तास बी ऱ्हायला न्हाई." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्या पोरीच्या वाट्याचे पाव्हणे मीच बोलावले होते.

"गोधडी पिळायचा कंटाळा, दुसरं काय!" रेखा अंगणातूनच ओरडली.

उरला वर्षाचा मोबाइल. त्याला रेंज फक्त गच्चीवर, आणि गच्चीभर गोधड्या वाळत घातलेल्या. मग दोन गोधड्यांच्या बोळीत खुर्ची मांडली, वर्षा साडी बदलून बसली, आणि मोबाइलला टेकू म्हणून समोर मला उभं केलं. "दाजी, हलू नका. आन बोलू नका." माझ्या पाठीमागच्या गोधडीचं पाणी शर्टात उतरत होतं, पण मी हललो नाही. जिन्यात मामी देवाला नवस बोलत होत्या.

मुलाखत घेणाऱ्या मॅडम कडक वाटत होत्या. त्यांनी विचारलं, "समजा, ग्राहकानं स्वतःच्याच हातानं मशीन बिघडवलंय आणि तो कबूल करत नाही. त्याच्यावर चिडायचंही नाही. खरं कसं काढून घ्याल?"

वर्षानं माझ्याकडं बघितलं. पाठ करायला लिहून ठेवलेली उत्तरं सगळी त्या लॅपटॉपात होती. मी डोळे मिटून घेतले.

"मॅडम," वर्षा म्हणाली, "असा एक ग्राहक आत्ता इथंच आहे. मोबाइल धरून उभा आहे. दाखवू का?"

आणि मला काही कळायच्या आत तिनं माझं मनगट फिरवलं! पडद्यावर मी, मागं गोधडी.

"नमस्कार," मॅडम म्हणाल्या. "काय झालं लॅपटॉपला?"

आता खरं सांगायला काय हरकत होती? पण जीभ आपल्या वळणावर गेली. "मी काहीच केलं नाही, मॅडम. आपोआपच बंद पडला."

बाजूनं वर्षाचा आवाज आला. लोण्यासारखा मऊ. "बरोबर आहे, सर. तुमची काही चूक नाही. फक्त एवढं सांगा, बंद पडायच्या आधी तुम्ही पेनड्राइव्ह कुठल्या बाजूला लावला होता?"

"उजव्या," मी म्हणालो.

मॅडम इतक्या हसल्या की त्यांचाच मोबाइल हलायला लागला. चारच दिवसांत वर्षाला रुजू व्हायचं पत्र आलं. तोवर तिच्या बायोडेटात अनुभवाचा रकाना रिकामा होता. आता तिथं मी आहे!