वहिनींची फुलं

माझ्या मावशीचं लग्न उशिरा झालं. तोवर ती शहरात शिलाईचं दुकान चालवत होती. नुसत्या नजरेने बाईच्या खांद्याचं माप ओळखायची, आणि समोरच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की हातातली कात्री ठेवून ते बाहेर पडेपर्यंत बघत बसायची. दुसऱ्याचं बरं झालेलं पाहून तिच्या पोटात दुखायचं. हे ती स्वतःच सांगायची, एखादीने पित्ताचा त्रास सांगावा तसं.

चाळिशी उलटल्यावर तिला एका विधुराचं स्थळ आलं. आम्ही त्यांना काका म्हणतो. गावाबाहेर त्यांची रोपांची नर्सरी होती आणि नर्सरीमागच्या उतारावर मातीचा बांध घालून अडवलेलं पाणी. त्या पाण्याला सगळे बंधारा म्हणत. माणूस शांत, तोंडातून शब्द ओढून काढावा लागेल असा. घरात त्यांची म्हातारी आई. मावशीने शिलाईचं मशीन टेम्पोत घातलं आणि ती तिकडे राहायला गेली. पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं की या घरात 'वहिनी' म्हणजे आपण नव्हे.

वहिनी म्हणजे काकांची वारलेली पहिली बायको. कामावरच्या बाया, शेजारी, मोटर दुरुस्त करणारा मिस्त्री, सगळ्यांच्या तोंडी वहिनी म्हणजे तीच. मावशी 'नव्या वहिनी'. वर्षं गेली तरी नव्याच. स्वयंपाकघरातली फळी वहिनींच्या उंचीला लावलेली. मावशी बुटकी, साखरेचा डबा काढायला तिला स्टूल लागायचं. सासूबाई स्टुलाकडे बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं, असं मावशीला वाटायचं.

पण खरं खुपायचं ते बंधाऱ्यावर. सगळ्या पाण्यावर जलपर्णी माजली होती. फुगीर देठांची, जाड हिरव्या पानांची, तरंगणारी वनस्पती. वर जांभळी फुलं. लांबून गालिचा अंथरल्यासारखा दिसे. नर्सरीत येणारा जो तो म्हणे, "वहिनींची फुलं काय फुललीत हो!" कारण बैठकीत वहिनींचा फोटो होता, बांधावर बसलेला, मागे काठाशी हीच थोडी फुलं. ती वहिनींनीच हौसेने आणून लावली, असं सगळं गाव धरून चाललं होतं.

हौसेची फुलं काय करत होती ते मावशी रोज बघत होती. मोटरच्या तोंडाची जाळी मुळांनी तुंबायची. पानांखाली पाणी काळं पडून वास मारायचा. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडून धडपडायचे. डास तर विचारू नका.

"काढून टाकू या ना ते," ती काकांना म्हणाली.

"राहू दे," काका म्हणाले आणि उठून रोपांना पाणी घालायला गेले.

दर काही महिन्यांनी ती विचारी आणि तेच दोन शब्द मिळत. त्या दोन शब्दांतून मावशीने अख्खा संसार शिवून काढला: यांना तिची फुलं उपटवत नाहीत, हे अजून तिच्यातच आहेत, मी फक्त चहा करायला. झोपायच्या खोलीच्या खिडकीतून बंधारा दिसे. तिथे तिने जाड कापडाचा दुहेरी पडदा शिवून लावला. उकाड्याने जीव जायची वेळ आली तरी तो उघडला नाही. माझ्या आईला फोनवर म्हणाली, "जिवंत बाई असती तर भांडले असते गं. मेलेली बाई कधी चुकतच नाही. तिची भाजी कधी खारट होत नाही."

मग एका उन्हाळ्यात मोटर जळली. जाळी गच्च तुंबलेली, मोटर पाण्याविना फिरत राहिली. काका ती टेम्पोत टाकून शहरात घेऊन गेले, दोन-तीन दिवस तिथेच राहणार होते. इकडे रोपं माना टाकायला लागली. कामावरच्या बाया बादल्यांनी पाणी वाहू लागल्या आणि बादलीत पाण्यापेक्षा पाला जास्त येऊ लागला. मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती गवत ओढायचं दाताळं घेऊन गुडघाभर पाण्यात उतरली आणि दिसेल ते ओढायला लागली. पुढे मला म्हणाली, "खोटं कशाला बोलू? रोपांसाठी नाही उतरले. तिचं काहीतरी उपटायला मिळतंय म्हणून उतरले."

दुपारपर्यंत तिने एका खोलीएवढं पाणी मोकळं केलं आणि पाठ फिरवली तर बाजूची जलपर्णी सरकून तिथे आली. तेवढ्यात सासूबाई खुर्ची घेऊन काठावर येऊन बसल्या.

"तसं नाही होत," त्या म्हणाल्या. "दोरी लाव आधी. दोरीने एका बाजूला रेटायचं, मग काढायचं. ती तसंच करायची."

"कोण ती?"

"ती गं. रोज सकाळी उतरायची. ओढायची आणि शिव्या घालायची."

मावशी दाताळं धरून तशीच उभी राहिली. "शिव्या? तिचीच तर फुलं ना?"

"तिची कसली! माझ्या लेकाने आणली. कुंड्यांत घालून विकायला. विकली गेली नाहीत तेव्हा उरलेली दिली फेकून पाण्यात. ती बिचारी निस्तरत बसली. आजारी पडेपर्यंत पाणी आरशासारखं होतं."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही मला?"

"तू कधी माझ्याजवळ बसून काही विचारलंस?" सासूबाई म्हणाल्या.

मावशी काठावर बसून हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. किती वर्षं आपण या फुलांवर जळलो, आणि ती बाईसुद्धा त्यांच्या नावाने बोटं मोडत होती! तिला वहिनींबद्दल पहिल्यांदाच माया वाटली. ती माया संध्याकाळपर्यंत टिकली. पडवीच्या कोपऱ्यात तिला वहिनींची दोरी सापडली, तरंगायला रिकामे डबे ओळीने बांधलेली, नीटनेटकी गुंडाळलेली. ती बघताच पोटात पुन्हा कळ आली. म्हणजे इथेही तीच आधी. एकटीने पाणी आरशासारखं ठेवलं, आणि मला एक कोपरा राखता येईना.

त्या रात्री मशीन चाललं. नर्सरीतल्या हिरव्या जाळीच्या कापडाची लांब झालर मावशीने दोरीला शिवली आणि तिच्या खालच्या शिवणीत बारीक खडे भरले. नुसत्या दोरीखालून जलपर्णी सटकायची. झालर पाण्यात लोंबली की सटकायला वाट उरत नाही. सकाळी कामावरच्या बायांनी दोन्ही टोकं धरून ओढली आणि जलपर्णीचा पट्टाच्या पट्टा मुकाट्याने काठाला आला. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "हे तिला नव्हतं सुचलं." मावशीने त्यांना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, ऐकू आलं नाही असं सांगून.

काका मोटर घेऊन परतले तेव्हा काठावर ढीग लागले होते. ते ढिगांकडे बघत राहिले.

"आईंनी सांगितलं मला," मावशी म्हणाली. "तुम्ही का नाही सांगितलं?"

काकांनी पायाने एक ढीग मागे सारला. मग म्हणाले, "ती गेल्यावर सगळे तिची फुलं म्हणायला लागले. मी गप्प बसलो. सोपं होतं." आणि थोड्या वेळाने, "आजारपणात ती खिडकीतून बघायची, कसं पसरतंय ते. मला म्हणायची, जा, ओढ जरा. मी आज जातो, उद्या जातो करत राहिलो. नंतर तिथे जायला तोंडच राहिलं नाही."

मावशीला वाईट वाटलं आणि त्याच वेळी हेवाही वाटला. आपल्यासाठी कोणी इतकं शरमून राहिलंय का कधी? पण ती एवढंच म्हणाली, "बरं. मग आता चला. ढीग काठावर ठेवून भागणार नाही, जरा हलले की परत पाण्यात जातात."

काकांनी पँट दुमडली.

ते काम उन्हाळाभर चाललं. ढीग उतारापासून लांब नेऊन वाळवले. नर्सरीतलं खताचं पाणी सरळ बंधाऱ्यात उतरायचं, त्यावरच ती जलपर्णी पोसली होती. काकांनी चर खणून ते बागेकडे वळवलं. पाणी हळूहळू उघडं झालं.

गावाने मात्र वेगळंच धरलं. नव्या वहिनींनी सवतीमत्सराने वहिनींची फुलं उपटली, अशी कुजबुज सुरू झाली. मावशीला ते ऐकू येत होतं. खरं सांगितलं असतं तर ती सुटली असती, पण नवरा अडकला असता. तिने तोंड मिटलं. एके दिवशी एक गिऱ्हाईक बाई रोपं निवडता निवडता मोठ्याने म्हणाली, "वहिनींची एवढी एक आठवण होती, तीही नाही राहू दिली."

काका पिशवीत माती भरत होते. न बघताच म्हणाले, "ती घाण मी आणली होती. तुमच्या वहिनींना ती डोळ्यांसमोर नको होती. हिने काढली."

बाईने रोपं घेतली आणि ती गेली. मावशीने हे मला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा फुलला होता, पण लगेच म्हणाली, "तरी बघ, नाव आधी तिचंच घेतलं."

आता बंधाऱ्यात पाणी दिसतं. मासे पुन्हा सोडलेत. जलपर्णी पुरती गेलेली नाही. तिचं बी गाळात कितीतरी वर्षं पडून राहतं आणि ऊन लागलं की कोवळी रोपं वर येतात. ती मोठी व्हायच्या आत वेचावी लागतात, म्हणून दोघं टोपली घेऊन काठाकाठाने फिरतात. गेल्या सुट्टीत मीही त्यांच्यामागे होते. मावशी वाकून रोपं वेचता वेचता सहज विचारावं तसं म्हणाली, "तिला पोहता यायचं का हो?"

"यायचं," काका म्हणाले.

"चांगलं?"

काका थांबले. पाण्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "बरं पोहायची. ठीकठाक."

ते खोटं होतं. मला कळलं, मावशीला तर माझ्याआधी कळलं. तिने टोपली दुसऱ्या हातात घेतली आणि ती दिवसभर खूश होती.