गोपाळरावांच्या आवळलेल्या मुठी

शवागाराची आठवण काढून कोणी हळवं होतं का हो? डॉक्टर प्रेमलताबाई पिंपळापुरे होतात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्रिमूर्तीनगरात हवेशीर फ्लॅट आहे, खाली बाग आहे, बागेत सकाळी हात वर करून खदाखदा हसणारी मंडळी आहेत. पण बाईंचा जीव अडकलाय तो सरकारी दवाखान्याच्या मागे, कडुनिंबाखालच्या बाकावर. सून चिडवते, बायकांना माहेर आठवतं, आमच्या आईंना पोस्टमॉर्टेमची खोली. आठवते तर आठवते, त्यात लपवायचं काय!

जळून मेलेल्यांच्या केसेस बहुतेक त्यांच्याच वाट्याला यायच्या. माणूस आगीत मेला, की मेल्यावर आगीत पडला, हा पहिला प्रश्न. श्वासनलिकेत काजळी सापडली तर आग लागली तेव्हा तो श्वास घेत होता. मग पुढचं कोडं: अपघात, आत्महत्या की घात? ते एकटं शरीर सांगत नाही, जागा सांगते, घरची माणसं सांगतात. बाईंचा एक नेम होता. मरणाचं कारण कोणाला उभ्याउभ्या सांगायचं नाही. आधी बाकावर बसवायचं, मदतनीस गणपतरावांनी टपरीवरून चहा आणायचा, मग बोलायचं. गणपतराव चहात साखर अंमळ जास्तच घालायला लावत. तसा गुळमट चहा आता घरी कितीही प्रयत्न केला तरी जमत नाही.

त्या बाकावर बसून गेलेल्यांत बाईंना सगळ्यांत जास्त आठवते ती कांताबाई. पापड लाटून विकायची. नवरा गोपाळराव लकडगंजात लाकूड कापायच्या एका आरा मशीनवर चौकीदार. थंडीचे दिवस होते. कोठडीत सिगडी पेटवून, दार आतून लावून तो झोपला, आणि शेजारच्या भुशानं पेट घेतला. ओळख पटवायला कांताबाईला आणलं, तेव्हा चेहरा ओळखण्यासारखा राहिलाच नव्हता. तिनं हातातल्या कड्यावरून ओळखलं आणि तिची नजर तिथेच खिळली. दोन्ही हात कोपरात वाकून छातीपुढे आलेले, मुठी घट्ट, आखाड्यात उतरलेल्या पहिलवानासारखे. वर डोक्याच्या हाडाला भेग. झालं! तिच्या मनानं घेतलं की नवरा मरता मरता कोणाशी तरी भिडला होता.

आणि भिडणार कोणाशी? आदल्याच दिवशी धाकटा दीर अंकुश घरी येऊन भांडून गेला होता. सोड ही नोकरी, नाहीतर एक दिवस ह्या लाकडातच जळून मरशील, असं तो तावातावानं बोलला होता. कांताबाईनं पोलिसांना तेच सांगितलं आणि त्यांनी अंकुशला ठाण्यात नेऊन बसवलं. आता पंचाईत अशी, की गोपाळरावाला मूलबाळ नव्हतं. अग्नी द्यायचा तो धाकट्या भावानंच. कांताबाईनं बजावून ठेवलं, त्याचा हात मी लागू देणार नाही. बाहेर नातेवाईक ताटकळले होते, पण भाऊ असताना दुसरं कोणी पुढे होईना.

प्रेमलताबाईंनी त्या दिवशी सगळं दोनदा पाहिलं. चूक झाली असती तर एक निर्दोष माणूस आत गेला असता, नाहीतर एक खुनी सुटला असता. मग त्या बाहेर आल्या, कांताबाईला बाकावर बसवलं, चहा तिच्या हातात दिला.

"ह्या मुठी त्यांनी आवळलेल्या नाहीत," बाई म्हणाल्या. "धग लागली की स्नायू आखडतात आणि हात आपोआप असे वर येतात. जीव गेल्यावरही येतात."

कांताबाई आपल्या तळव्यांकडे पाहत राहिली. "भाजल्या पापडावानी?"

नेमका तोच दाखला बाईंच्या ओठांवर आला होता आणि त्यांनी तो गिळला होता. त्या कशाबशा हो म्हणाल्या.

मग त्यांनी बाकीचंही सांगितलं. डोक्याची भेग आगीचीच. कोणी मारलं असतं तर आत माराच्या खुणा असत्या, त्या नाहीत. श्वासनलिकेत काजळी आहे, म्हणजे आग लागली तेव्हा ते जिवंत होते. कोठडीची कडी आतून होती. पोलिसांनाही त्यांनी हेच कळवलं होतं.

कांताबाईनं चहा खाली ठेवला. "मले खरं सांगा मॅडम. लय तरास झाला काय त्यायले?"

"धुरानं आधी गुंगी येते. रक्ताच्या रंगावरून दिसतं, धूर पुष्कळ गेला होता. आग पोचली तेव्हा ते बहुतेक शुद्धीत नव्हते." तो 'बहुतेक' बाईंनी गाळला नाही. गाळावासा फार वाटला होता.

दुपारी पोलिसांनी अंकुशला सोडलं. तो आला आणि कडुनिंबाशी थबकला, वहिनीच्या जवळ जाईना. शेवटी कांताबाईच उठून त्याच्यापाशी गेली.

"पोलिसायले तुयं नाव मीच सांगतलं होतं," ती म्हणाली. "आता चाल. भावाले अग्नी तुलेच द्या लागते."

अंकुशला रडू फुटलं. "वहिनी, दादाले अजून आग कशी लावू? एवढा जळला ना तो."

कांताबाईनं त्याचा हात धरला. "तवा त्याच्यापाशी आपलं कोणी नव्हतं गा. आता आपण आहो ना."

गणपतराव तोंड फिरवून टपरीकडे गेले. प्रेमलताबाई मात्र तिथेच उभ्या राहिल्या आणि सगळ्यांदेखत रडल्या.

गणपतराव आता नाहीत. तो कडुनिंबही पार्किंगसाठी तोडला म्हणे. पण दर उन्हाळ्यात अंकुश न चुकता येतो, वहिनीनं लाटलेल्या पापडांचा डबा देतो आणि पाणी पिऊन जातो. सून म्हणते, आई, तुम्हाला तळण वर्ज्य आहे, भाजून देते. बाई ऐकत नाहीत. ते पापड त्या तळूनच खातात. भाजायला त्यांचा हात उचलत नाही.